मुठीचं पोतं

रेल्वेच्या रुळाचा तुकडा अजून तिथंच आहे. एसटीतून उतरले, रस्ता ओलांडला आणि चर्चकडं नजर जायच्या आधी मान वर करून कडुनिंबाकडं पाहिलं. त्याच फांदीला, जाड तारेनं बांधलेला, हातभर लांबीचा, गंजून तपकिरी झालेला. तार नवी असेल. फांदी तेव्हा माझ्या मनगटाएवढी होती, आता माणसाच्या मांडीएवढी झाली आहे. पण रूळ तोच, आमच्या चर्चची घंटा. मी बघत उभी असतानाच एका पोरीनं लोखंडी सळई उचलली आणि ठोका दिला, आणि मी, बावन्न वर्षांची बाई, हातात डबा आणि खांद्याला पर्स घेऊन चक्क धावत सुटले. उपासनेला उशीर झालेला नव्हता. तो ठोका ऐकला की धावायचं, एवढंच माझ्या पायांना माहीत होतं.

मुकुटबनच्या पुढं, जंगलाच्या कडेला हे गाव. पांढरकवड्याहून यायला फार वेळ लागत नाही, तरी मी कित्येक वर्षं म्हणत होते, पुढच्या हंगामाला नक्की जाईन. हंगामाचा रविवार म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा पीक घरात आल्याचा सण. जानेवारीत येतो, तुरी निघत असताना. औंदा मात्र पहिल्याच गाडीत बसले. का ते सांगून टाकते. मी शिकवत होते ती बालवाडी दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलीच नाही. त्याच महिन्यात माझा नवरा ज्या ट्रकवर होता तो ट्रक मालकानं विकला. पुढं काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही, आणि ही गोष्ट आम्ही अजून कुणाला बोललेलो नाही. शेजारणीला वाटतं मी रजेवर आहे. अशा दिवसांत माणसाला एकेक जुना आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, आणि मला हा रुळाचा आवाज हवा होता.

आत शिरले तर फरशी, पंखे, दोन मोठे स्पीकर. कवेलू गेले, पत्रे आले. शेणाच्या सारवणावर चटई टाकून बसायचो तिथं आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. पण वास, अहो, वास जसाच्या तसा. दाराला दोन्ही बाजूंनी ज्वारीचे धांडे बांधलेले, खिडक्यांत तुरीच्या ओल्या शेंगांच्या डहाळ्या, पुढच्या मेजावर कोहळं, पपया, वांगी, अंबाडीच्या जुड्या, बोरांची टोपली, आणि मधोमध कापसाच्या बोंडांसकट पऱ्हाटीचं एक अख्खं झाड. झेंडू, ओली तूर, पिकलेली बोरं आणि माणसांच्या डोक्याला लावलेलं खोबरेल तेल, हे सगळं मिळून जो वास होतो तो माझ्या नाकात गेला आणि मी नऊ वर्षांची झाले.

तेव्हा माझे बाबा इथल्या चर्चचे प्रचारक होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीचं सगळं बाबा बघायचे. ते पोरांना अक्षरं शिकवायचे म्हणून सारा गाव त्यांना मास्तर म्हणायचा आणि मी मास्तरची पोरगी. आमचं घर चर्चच्या मागं, दोन खोल्यांचं, पुढं ओटा. सकाळी चूल पेटायच्या आधी बाबा त्या ओट्यावर डोळे मिटून बसायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "प्रभू, आजचं तू पाय. उद्याचं उद्या मागू." आजचं तू बघ, एवढंच. दुसरं काही नाही. रोज तेच. मला वाटायचं, देवालाही हे आता पाठ झालं असणार.

आईची प्रार्थना वेगळी होती, तिला तोंड नव्हतं, हात होता. स्वयंपाकासाठी धान्य काढलं की त्यातली एक मूठ ती परत काढायची आणि दुधाच्या भुकटीच्या एका जुन्या डब्यात टाकायची. तो देवाचा डबा. भाकरीसाठी ज्वारी काढली की ज्वारीची मूठ, भात असेल तर तांदळाची, वरण असेल तर डाळीची. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, प्रत्येक घरात असा डबा असायचा, आणि दर रविवारी नव्हे, वर्षातून चारदा, तो चर्चमध्ये रिता व्हायचा. हंगामाच्या रविवारचं रितं करणं सगळ्यात मोठं. पुढं घोंगडी अंथरलेली. बाबा म्हणायचे, डोळे मिटा. सगळी मंडळी डोळे मिटायची आणि मग एकेक बाई पुढं जाऊन आपला डबा उपडा करायची. कुणी किती आणलं ते कुणी बघायचं नाही, असा नेम होता.

बघायचं नाही, पण ऐकायला काय हरकत? आम्ही पोरी कान टवकारून बसायचो. तांदूळ सरसर पडतो, हलक्या आवाजात. तूर खडखड करते. ज्वारीचा आवाज दोन्हींच्या मधला, जरा जड. कुणाचा डबा पटकन थांबला, कुणाचा किती वेळ वाजत राहिला, हे आम्ही बोटं दाबून एकमेकींना सांगायचो. इतकी मजा मला पुढं कुठल्याच खेळात आली नाही.

मग त्या सगळ्या धान्याचं एक पोतं व्हायचं आणि ते ज्या घरात त्या वर्षी अडचण असेल तिथं जायचं. कुठल्या घरी, ते बाबा ठरवायचे आणि दौलतकाकांच्या कानात सांगायचे. दौलतकाका म्हणजे मंडळीतला सगळ्यात दणकट माणूस, लाकडाच्या कामावर जंगलात जाणारा. शेवटचं गीत सुरू झालं की ते मागच्या दारानं निसटायचे, पोतं खांद्यावर टाकायचे आणि त्या घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवून आशीर्वादाच्या वेळेला परत जागेवर. भर थंडीत घामेघूम. सगळे गीताच्या पुस्तकात डोकं घालून बसायचे. विचारलंच तर दौलतकाकांनी सांगायचं, "मी नाई गेलतो कुठी."

असं गुपित. आणि दुसऱ्या दिवशी ते आपोआप फुटायचं. कारण त्या पोत्यात ज्वारी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, सगळं एकत्र झालेलं असायचं. तसं ते शिजवता येत नाही, दळताही येत नाही. ते निवडावं लागतं. आधी चाळणीतून, मग सुपात घेऊन, मग बोटांनी. निवडायला उजेड लागतो. म्हणजे सोमवारी जी बाई सूप घेऊन बसलेली दिसेल तिच्या घरी पोतं गेलं. बहुतेक जणी परसात, घराच्या मागं बसायच्या. समोरून जाणारा माणूस आभाळाकडं बघत जायचा. मी आणि माझ्या मैत्रिणी मात्र सकाळपासून गावभर हिंडून कुठल्या परसात सूप वाजतंय ते शोधायचो. शोधणारीच्या घरी अजून पोतं आलेलं नसतं, म्हणून तर ती शोधायला मोकळी असते. हे मला तेव्हा कुठं कळायला.

मग ते वर्ष आलं. काय झालं, कोणाचं काय बिनसलं, बाबांना वरून येणारा पगार का थांबला, मला आजही नीट माहीत नाही आणि आता विचारायला आई-बाबा दोघंही नाहीत. मला एवढंच आठवतं की कणगीत हात घातला तर खांद्यापर्यंत आत जायचा. आई ताकात पीठ कालवून द्यायची. बोरं खाऊन खाऊन माझी जीभ खरबरीत झाली होती. आणि तरी आई मूठ टाकत होती. चार मुठी काढल्या तर एक त्या डब्यात. मी तो डबा रोज उचलून हलवून बघायचे. तो दिवसेंदिवस जड होत होता आणि कणगी हलकी होत होती.

"आई, यातलं थोडं घे ना," मी म्हटलं एकदा.

"ते आपलं नाई."

"आपणच तर टाकलं."

"टाकलं म्हून त नाई," आई म्हणाली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आणि थोडी काळजीही वाटली, की इतक्या डब्यांत देवाला आमचा डबा ओळखू कसा येणार. म्हणून आई पाण्याला गेली तेव्हा मी स्टुलावर चढून माझ्या तुटलेल्या माळेतला एक लाल काचेचा मणी त्या ज्वारीत खुपसून ठेवला. खूण असावी म्हणून.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात माझा मामा येऊन गेला. तो नागपूरला असायचा, मेटॅडोर चालवायचा. ओट्यावर बसून आईशी खूप वेळ बोलला. बाबा तिथंच होते, पण मान खाली घालून. शेवटी आई म्हणाली, "हंगामाच्या रविवारपर्यंत पायतो, दादा. तोवर चुलीवर ठेवायले काई नसलं त सोमवारी गाडी घेऊन ये. आमी सारेच येतो."

दुसऱ्या दिवशी आईनं ट्रंक भरली, भांडी गोणपाटात बांधली, सूप आणि चाळणी त्यातच वरून खुपसली आणि गाठ मारली. मी त्या बोचक्याकडं बघून रडले. नागपुरात कडुनिंबाला रूळ टांगलेला नसतो, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, नसतो. मला जायचं नव्हतं, बाबांना तर मुळीच जायचं नव्हतं, आणि सगळं त्या एका रविवारावर येऊन थांबलं होतं. बाबा मात्र रोज सकाळी तेच म्हणत होते. आजचं तू पाय. मला वाटायचं, बाबा, निदान या आठवड्यात तरी उद्याचं मागा.

रविवार उजाडला तो काय सुंदर थंडीचा. धुकं इतकं की चर्चचं दार दिसेना, नुसता रुळाचा आवाज. बाबांनी एकुलता एक पांढरा सदरा घातला. धांडे, डहाळ्या, झेंडू, वास. बाबा म्हणाले, डोळे मिटा. डबे वाजू लागले. आणि आईची पाळी आली तेव्हा मला तिच्या पावलांवरून कळलं, आणि मी श्वास रोखून ऐकत राहिले. आमचा डबा किती वेळ वाजला. सरसर, मग खडखड, मग पुन्हा सरसर. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं माझं बोट दाबलं. इतका वेळ वाजणारा डबा त्या दिवशी दुसरा नव्हता. मला इतका अभिमान वाटला की भूक विसरले.

शेवटच्या गीताला दौलतकाका निसटले. बाबांनी त्यांच्या कानात सालूबाईचं नाव सांगितलं होतं. सालूबाई नाल्यापलीकडं राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, पदरात लहान मूल. बाबांना वाटलं, तिच्याएवढी अडचण कुणाचीच नाही.

उपासना झाली, सगळ्यांना मूठ मूठ शेंगा वाटल्या, आम्ही घरी आलो. आणि उंबऱ्याच्या आत, बांधलेल्या बोचक्याला टेकून, पोतं उभं.

मी बघितलं आणि ओरडायला तोंड उघडलं. बाबांनी मला हात करून थांबवलं. पोत्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"दौलत घर चुकला," ते म्हणाले.

आणि काही कळायच्या आत त्यांनी ते पोतं आपल्या खांद्यावर घेतलं. पांढऱ्या सदऱ्यावर. आई दारात उभी होती. मी बाबांच्या मागं धावले. मला रडूही येत होतं आणि काहीतरी जबरदस्त घडतंय अशी हुरहूरही लागली होती. नाला ओलांडला, पऱ्हाटीच्या बांधावरून गेलो, सालूबाईच्या अंगणात बाबांनी पोतं टेकवलं.

सालूबाई शेंगा सोलत होती. ती उभी राहिली. "मास्तर, हे माह्या घरी काहून आणलं?"

"तुह्यंच हाय, बाई. दौलत चुकून आमच्याकडे ठेवून गेला."

"माह्या घरी औंदा तूर झाली, कापूस झाला. मले कायले?"

"मी सोता त्याले तुह्यं नाव सांगतलं होतं."

"तुमी सांगतलं असन," सालूबाई म्हणाली. "पण आमी कोणी आयकलं नाई."

बाबांना ते समजलं नाही. मलाही नाही. ते नमस्कार करून परत फिरले. आम्ही अर्ध्या वाटेत आलो तोच मागून पावलं वाजली, आणि सालूबाई डोक्यावर पोतं घेऊन आमच्या पुढं निघून गेली. आम्ही घरी पोचलो तेव्हा ते परत उंबऱ्याच्या आत, बोचक्याला टेकून उभं होतं. सालूबाई दुसऱ्या वाटेनं परत गेली होती.

माझे बाबा हट्टी होते. त्यांनी पुन्हा पोतं उचललं आणि दौलतकाकांच्या घरी. काका खाटेवर बसून पाय चोळत होते.

"दौलत, कुठी ठेवलं होतं तू हे?"

"मी नाई गेलतो कुठी," काका म्हणाले. नेम म्हणजे नेम.

"अरे, सांग ना बापा. सालूबाई घेत नाई."

"मले काई माईत नाई, मास्तर. मी गीत म्हणून राह्यलो होतो."

मला हसू फुटलं, कारण त्यांच्या खांद्यावर अजून पोत्याचा भुसा होता. आणि तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. पोत्याच्या एका कोपऱ्याला भोक होतं. आमच्या घरापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून परत, आणि तिथून दौलतकाकांच्या अंगणापर्यंत, रस्त्यावर धान्याची बारीक रेघ पडत आली होती. त्या रेघेवरून गावातल्या अर्ध्या कोंबड्या टिपत टिपत आमच्या मागं चालत आल्या होत्या. लोक दारात येऊन उभे होते. समोरच्या बौद्ध वस्तीतल्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या वर्षांचं गुपित, आणि ते माझ्या बाबांनी भर दुपारी रस्त्यावर आखून ठेवलं होतं.

शेवटी दौलतकाका उठले, बाबांच्या हातून पोतं घेतलं आणि सगळ्यांच्या देखत, लपवाछपवी न करता, आमच्या दारात नेऊन टेकवलं. भोकात चिंधी कोंबली. "मास्तर, मंडळीनं ठरवलं," एवढंच बोलले आणि निघून गेले.

बाबा पुन्हा वाकले. तेव्हा आई बोलली. ती मोठ्यानं बोलायची नाही, तेव्हाही नाही.

"रोज सकाळी मागून राह्यले तुमी. मी आयकतो ना चुलीपासून. अन् दारात आलं त तुमाले दुसऱ्याचं वाटते?"

बाबा वाकलेले तसेच राहिले, हात पोत्यावर ठेवून. मग ओट्यावर बसले. मला वाटलं रडतात, पण ते हसत होते, आणि मग रडतही होते, दोन्ही एकदम. सदरा भुशानं माखलेला. "मले वाटलं, चुकून आलं," ते म्हणाले. तीनदा म्हणाले. मी त्यांच्या पाठीला लोंबकळले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर पोटात कावळे ओरडत होते म्हणूनही झाला होता.

सोमवारी सकाळी मामाची मेटॅडोर आली. धूळ उडवत, हॉर्न वाजवत. मामा उतरला तर आई ओट्यावर बसलेली. परसात नाही, समोर, रस्त्याकडं तोंड करून. बोचक्याची गाठ सुटलेली, कारण सूप आणि चाळणी काढायला ती सोडावीच लागली होती. बाकीची भांडी अजून गोणपाटातच होती. आई सूप पाखडत होती. येणारे-जाणारे आभाळाकडं बघत जात होते आणि आई मुद्दाम त्यांना हाक मारून सलाम करत होती.

"सामान कुठी हाय?" मामानं विचारलं.

"बस, दादा. जवारी निवडून राह्यली. दळून आणतो, भाकर खाऊन जाशील."

मामानं त्या पोत्याकडं पाहिलं. मग चपला काढून बसला आणि तोही तूर वेगळी करू लागला. त्याला जमत नव्हतं, मुगाला तूर म्हणत होता, आणि मी त्याला चिडवत होते. माझा लाल मणी आईच्या सुपात सापडला. आईनं तो उचलला, माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता माझ्या तळहातावर ठेवला. म्हणजे आमची मूठही त्या पोत्यातच होती. सगळ्यांच्या मुठींत मिसळून परत आली होती.

त्यानंतर आम्ही तिथं सात वर्षं राहिलो. कणगी कधी भरलेली असायची, कधी नाही. कुठून कुठून येत गेलं, सगळं मला सांगता येणार नाही. बाबांची सकाळची प्रार्थना तीच राहिली, फक्त शेवटी एक वाक्य वाढलं. "अन् आलं त ओळखू दे."

तोच डबा आज माझ्या हातात आहे. आई गेल्यावर माझ्याकडं आला आणि इतकी वर्षं त्यात बटणं आणि सेफ्टीपिना होत्या. बालवाडी बंद झाली त्या आठवड्यात मी तो रिता केला, घासला आणि मूठ टाकायला लागले. नवरा म्हणाला, आता? मी म्हटलं, आताच.

सालूबाई पहिल्या रांगेत बसली होती. डोळ्यांनी फारसं दिसत नाही तिला. मी हात धरला तर बोटं चाचपून म्हणाली, "मास्तरची पोरगी ना वं तू? बस माय, माह्याजवळ बस." मी तिच्या शेजारी बसले आणि डबा मांडीवर घेतला.

उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या मागतात. लोक उभे राहून सांगतात, सुनेचं बाळंतपण, पोराची परीक्षा, गाईचं आजारपण. माझ्या मनात नव्हतं, पण मी उभी राहिले. "पांढरकवड्यात माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे," मी म्हटलं. "दोघांचंही काम सुटलंय. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." आणि बसले. कान गरम झाले होते.

"दोघंच राह्यते का त्या घरी?" सालूबाईनं हळूच विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला.

मग डोळे मिटा म्हणाले. आता स्टीलचे डबे असतात, प्लास्टिकच्या पिशव्या असतात, घोंगडीच्या जागी ताडपत्री असते. पण तांदूळ तसाच सरसरतो आणि तूर तशीच खडखडते. मी डबा उपडा केला. फार वाजला नाही. ज्या पोरी बोटं दाबत होत्या त्यांना कळलंच असेल. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा मी पुस्तकात डोकं घातलं, आणि गंमत म्हणजे शेजारची खुर्ची सरकली ती मला ऐकू आली, तरी मी मान वर केली नाही. लहानपणीचा नेम.

जेवण झालं. तीनची गाडी आली. खिडकीजवळ बसले, आणि गाडी हलायच्या बेतात असताना सकाळी रूळ वाजवणारी तीच पोरगी पळत आली. दौलतकाकांची पणती, हे मला जेवताना कळलं होतं. तिनं खिडकीतून एक जड कापडी पिशवी माझ्या मांडीवर ढकलली.

"बाई, हे तुमचं राह्यलं."

"माझं नाही हे," मी म्हटलं. "माझा डबा आहे ना माझ्याकडं. चुकून दिलंस तू, बेटा."

बोलून गेले. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग मला ऐकू आले. बापाची लेक.

पोरगी हसली. "मी नाई आलती इथी," म्हणाली आणि पळाली. गाडी निघाली. कडुनिंबाखाली सालूबाई खुर्चीवर बसलेली दिसली, माझ्याकडं नव्हे, आभाळाकडं तोंड करून.

मी पिशवीचं तोंड सोडलं. ज्वारी, तांदूळ, तूर, मूग, थोडे उडीद. हात आत घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत. लाल मणी काही नव्हता, आणि मी शोधतही नव्हते. कंडक्टर म्हणाला, बाई, पिशवी खाली ठेवा, मांडी दुखेल. मी म्हटलं, दुखू द्या.

मुकुटबन मागं पडल्यावर नवऱ्याला फोन लावला.

"ऐका, आपलं सूप कुठं आहे?"

"माळ्यावर असेल. काहून?"

"काढून पुसून ठेवा. उद्या सकाळी मी फाटकासमोर निवडायला बसणार आहे."

शेजारणीला दिसेल, रस्त्याला दिसेल, हे त्याच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं.

"दोन सुपं हायत," तो म्हणाला. "दोन्ही काढतो."